तूर आमची, डाळ कुणाची?

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या ओळीत तूर उभी असते. ती कापायला, बडवायला जाणाऱ्यांत भूमिहीन बौद्ध, मातंग, बंजारा बायका मोठ्या संख्येने असतात. पुढे त्याच बायका मजुरीच्या पैशातून किराणा दुकानात पावशेर डाळ मागतात. १९९८ साली हा जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. तुरीची वाट मात्र अजूनही अकोल्याच्या दालमिलकडेच जाते. नफा त्या वाटेतच मुरतो.

यावर उपाय शोधलाच गेला नाही, असे मुळीच नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही मिनी दालमिल’ केली, त्याला बरीच वर्षे झाली. तुरीची प्रतवारी करायची, रोलरवर घासायची, तेल-पाणी लावून उन्हात वाळवायची आणि भरडायची. विजेच्या मोटारीवर चालणारे छोटे यंत्र. मूग, उडीद, हरभराही त्यावर होतो. सुधारित वाण असो की ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र, विद्यापीठाचे बहुतेक संशोधन सातबारावाल्याच्या कामाचे. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही वापरता येईल असे हे एक यंत्र, म्हणून आम्हाला त्याचे मोल अधिक वाटते.

मग अडते कुठे? पैसा आधी मोजायचा, अनुदान मागाहून. बँक तारण मागते. तारण म्हणजे पुन्हा सातबाराच! शेवटी यंत्र ज्याच्या वाड्यात बसते, त्याच्याकडे आमची बाई पुन्हा मजूरच.

बाबासाहेबांनी लंडनच्या विद्यापीठासाठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने आला, आणि १९२५ मध्ये तोच अभ्यास घेऊन ते हिल्टन यंग आयोगापुढे साक्षीला उभे राहिले. संशोधन त्यांनी कपाटात ठेवले नाही. आमच्या विद्यापीठांनी एवढे तरी शिकावे.

अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना समाजकल्याण खात्याने राबवली. (जमीन नसलेल्याने ट्रॅक्टर कुठे फिरवायचा, ते तूर्त राहू द्या.) त्याच धर्तीवर मिनी दालमिल का देऊ नये? प्रशिक्षणाला रिसोड तालुक्यात करड्याचे कृषी विज्ञान केंद्र आहेच. तुरीच्या हंगामाआधी महिला बचत गटांनी ग्रामसभेत हा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत वाशीमच्या समाजकल्याण कार्यालयात द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.