‘राहत्या घरा’चा आडोसा

१८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचे पठार ‘शोधून काढले’, असा दाखला दिला जातो. कोरकू आणि गवळी यांना मात्र ते पठार हरवल्याचे कधी आठवत नाही! साहेबांमागून बंगले आले. आता अचलपूर-परतवाड्याहून घाट चढून येणाऱ्या धनिकाला जुन्या बंगल्यावर मजला चढवावासा वाटतो.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. वाघासाठी बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली. पुढे आणखीही उठली. अशा मुलखात कोणी किती बांधावे, हा निव्वळ नकाशा मंजूर करण्याचा प्रश्न राहत नाही.

अभयारण्यांभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रांसाठी केंद्र सरकार ज्या अधिसूचना काढते, त्यांत सामान्यतः वनसीमेपासून एक किलोमीटरच्या आत नव्या व्यापारी हॉटेलांना मनाई असते; स्थानिक रहिवाशाला मात्र स्वतःच्या जमिनीवर राहण्यापुरते बांधता येते. ही सवलत न्याय्यच आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक किलोमीटरच्या पट्ट्यात कायम स्वरूपाच्या नव्या बांधकामाला सरसकट बंदी केली. त्यामुळे गावकऱ्याला पडके घर पुन्हा उभारणेही अशक्य होईल हे ध्यानात घेऊन एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानेच तो आदेश शिथिल केला.

परंतु कुडाच्या भिंतीसाठी ठेवलेल्या या सवलतीत बंगल्यालाही शिरता येते. अर्ज ‘राहत्या घराच्या दुरुस्ती’चा करायचा, व्हरांडा बंदिस्त करायचा, नोकरांच्या खोल्यांना न्हाणीघरे जोडायची, आणि पुढच्या हंगामात फाटकावर दरपत्रक लावायचे. कागदोपत्री हॉटेल कोठेच उभे राहत नाही. यावर उपाय म्हणून सर्वच बांधकामे रोखली, तर मार बसेल तो कोरकूलाच; बंगलेवाल्याला वकील परवडतो.

खरी पारख गावच करू शकते. अचलपूर तालुक्यातील पायविहीरला २०१२ साली वनहक्क कायद्याखाली १९३ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि त्या गावाने उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या. जंगल राखण्यास जी ग्रामसभा समर्थ ठरते, तिला बंगल्याचा अर्ज वाचता येणार नाही काय? खोल्या किती, न्हाणीघरे किती, पाणी कोठून आणणार, एवढे तरी प्रत्येक वाढीव बांधकामाच्या अर्जदाराने परवानगीपूर्वी तिच्यासमोर सांगावे. चिखलदरा तालुक्यातील कित्येक गावे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. तेथे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी ऐकले जाईल.