कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

माझे घर सिल्वासाला. ‘तुमच्या गावाला समुद्र नाही, मग माशांच्या हिशेबाची उठाठेव तुला कशाला?’ असे वसतिगृहातले मित्र मला विचारतात. प्रश्न वाजवी आहे. पण आमच्या गावाला समुद्र नसला तरी समुद्राला मिळणारी नदी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात उगम पावलेली दमणगंगा मधुबन धरणात अडते, सिल्वासावरून पुढे जाते, वापीच्या कारखान्यांना वळसा घालते आणि दमणला अरबी समुद्रात शिरते. त्याच वापीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत दुसरे स्थान दिले होते. वर आपण जे सोडतो आणि जे अडवतो, ते खाली कोळ्याच्या जाळ्यात उतरते. तेव्हा ही उठाठेव माझीही आहे.

आज समुद्राची गणिती प्रतिरूपे तयार होतात. प्लवक, जवळा, बोंबील, घोळ यांपैकी कोण कोणाला किती खातो, पाणी तापले तर कोण वाढतो, जाळी वाढली तर कोण संपतो, याचा ताळेबंद त्यांत मांडतात. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ठाऊक असेल की, केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्थेने कर्नाटक किनाऱ्यालगतच्या अरबी समुद्राचे असे प्रतिरूप २००८ साली प्रसिद्ध केले. ‘फिश-मिप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात जगातील निरनिराळ्या समुद्रांच्या प्रतिरूपांना एकच हवामान आणि मासेमारीची एकाच पद्धतीने मांडलेली माहिती पुरवून त्यांची उत्तरे ताडून पाहतात. उद्याचे कायदे, बंदीचे महिने, जाळ्याच्या आसाचे माप यांवर अशा उत्तरांचा प्रभाव पडणार. म्हणून मला वाटते, प्रतिरूपापेक्षा त्याच्या पोटात काय घातले, हा प्रश्न मोठा आहे.

हे शहाणपण मला माझ्याच चुकीतून आले. गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मी एका बंदरावरच्या जुन्या नोंदी तक्त्यात उतरवल्या. बरेच महिने कोरे होते. गणकयंत्राला कोरी जागा चालेना, म्हणून मी सगळीकडे शून्य भरले. आलेख देखणा झाला. मासा झपाट्याने घटतो आहे, असे त्यावरून दिसत होते. आमच्या सरांनी तो पाहिला आणि एवढेच विचारले, ‘अरे, त्या महिन्यांत मासा नव्हता, की मोजणारा नव्हता?’ मला उत्तर देता आले नाही. केंद्र सरकारची १ जून ते ३१ जुलै ही बंदी असते, त्या महिन्यांत तरी शून्य बरोबर, असे म्हणावे तर तेही खरे नाही; कारण यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना ती लागू नसते. मी शून्य भरले, म्हणजे त्या होडीवाल्याला कागदावरून पुसून टाकले.

दुसरी गोष्ट कष्टांची. नुसती पकड मोजून भागत नाही. ती किती श्रमाने मिळाली, हेही लिहावे लागते. शिडाच्या होडीचा एक दिवस आणि आजच्या ट्रॉलरचा एक दिवस यांना एकाच मापाने कसे मोजणार? डोल जाळे तर भरती-ओहोटीच्या ओघात उभे असते. त्याचे कष्ट तासांत मोजायचे की उधाणांत? हवामानाची माहिती मासिक सरासरीने दिली, तर उधाण आणि भांग दोन्ही त्यात विरघळून जातात. डोलकराचे सारे गणित मात्र त्यांवरच उभे असते.

तिसरी गोष्ट चौकटीची. जागतिक प्रतिरूपांतून येणारे तापमान व प्रवाह यांचे आकडे एक अंश किंवा पाव अंश रुंदीच्या चौकोनांत मिळतात. एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ११० किलोमीटर, पाव अंश म्हणजे सुमारे २८. मी नकाशावर रेघा ओढल्या. एक अंशाच्या एकाच चौकोनात दमण, वापी, वलसाड आणि त्यांच्यापुढचा समुद्र आला. सिल्वासा त्याच्या पूर्व कडेला टेकले. त्या चौकोनात दमणगंगेचे मुख कोठे दिसणार? पावसाळ्याचे गोडे पाणी, धरणाने अडवलेला गाळ, कारखान्यांचे सांडपाणी यांना त्यात जागाच नाही. आणि कोवळी कोळंबी वाढते ती अशाच खाड्यांत!

यावर कोणी म्हणेल, ‘आकडे इतके अपुरे आहेत, तर प्रतिरूपे हवीतच कशाला? कोळ्याला सारे ठाऊक असते.’ हे मला पटत नाही. केरळात २०१२ साली तारलीची पकड चार लाख टनांच्या घरात होती. २०२१ साली ती केवळ ३,२९७ टनांवर आली. तारली घटली, हे कोळ्याने सर्वांआधी ओळखले असेल. पण हे समुद्र तापल्यामुळे, अन्न घटल्यामुळे, की जाळी वाढल्यामुळे, याचा निवाडा एका होडीतून होत नाही. त्यासाठी सगळ्या किनाऱ्याचा हिशेब एकत्र हवा. आपण ज्याला तारली म्हणतो ती कर्नाटकात भूताई, आणि आपला बांगडा तिकडे बंगुडे. नावे जुळली नाहीत, तर एकच मासा दोन रकान्यांत जाऊन बसेल.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच की, आकडे अपुरे असले तर वापरावेत, पण अपुरेपणा झाकू नये. कोरी जागा कोरीच ठेवावी. अंदाज भरला तर तो अंदाज म्हणून वेगळ्या खुणेने लिहावा. आणि किनाऱ्यावर घर असलेल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत एक वही घालावी. मासा कोणता, कोणत्या जाळ्याने, किती वेळात, आणि त्या दिवशी उधाण होते की भांग, एवढे चारच रकाने पुरेत. नदीकाठच्या आम्ही मंडळींनी पाण्याचा रंग आणि धरणाचे दरवाजे उघडल्याचे दिवस लिहावेत.

मी माझा तक्ता पुन्हा केला आहे. त्यात आता कितीतरी घरे रिकामी दिसतात, आणि आलेख पूर्वीसारखा देखणा राहिलेला नाही. सरांनी मात्र या वेळी त्यावर सही केली.