यादी माझी, रस्ता कोणाचा?



हल्ली जिकडे तिकडे याद्यांचे पीक आले आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने काय काय करावे याच्या याद्या. रोज दहा हजार पावले, आठवड्यातून तीनदा पोहणे, महिन्याला एक पुस्तक, वर्षाला एक नवे वाद्य, वजन इतके, कंबर तितकी. कलम पूर्ण झाले की पुढे बरोबरची खूण करायची आणि ती चौघांना दाखवायची. माझे भाचे, पुतणे, जुने विद्यार्थी सगळे हे करतात आणि मलाही करा म्हणतात. केले आहे! कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझीही सात कलमांची यादी आहे आणि त्यांतल्या चार कलमांपुढे खूण झाली आहे. जन्मभर शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या, तेव्हा स्वतःच्या वहीत खोटी खूण करण्याची सवय नाही.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचे वाचून 'बाई सबबी सांगतात' असे कोणी म्हणायला नको. माझे भांडण यादीशी नाही. यादीच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, तिच्याशी आहे. तब्येत ही ज्याची त्याची खासगी बाब, जिद्द असली की झाले, आणि नसेल तर तो त्या माणसाचा आळस. हे मला साफ अमान्य आहे.

पहिले कलम चालणे. आमच्या नंदाखालचे रस्ते मुळात बैलगाडीच्या मापाचे. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणे. त्याच रस्त्यावरून आता एसटी, रिक्षा, टँकर, डंपर आणि मोटारसायकली जातात. कडेला गटार, कुठे झाकण आहे, कुठे नाही. मागून हॉर्न वाजला की माणसाने उभे राहायचे कुठे? पंचवीस वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडत नाही, तो उडी मारतो. माझ्या वयाच्या यादीत उडी नसते.

आमच्या आळीतल्या एक बाई, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, टँकरला वाट देताना गटाराच्या कडेवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण त्या आता घराबाहेर पडत नाहीत, ओटीवर खुर्ची टाकून बसतात. मुलाने त्यांना वॉकर आणून दिला. आणि हो, एक यादीसुद्धा!

आता त्या दहा हजारांबद्दल. हा आकडा कुठल्या डॉक्टरने तपासून काढला असेल असे वाटते ना? टोकियोचे ऑलिंपिक १९६४ साली झाले. त्यानंतर १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विक्रीला आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा आला तो दुकानातून, आरोग्याचा नियम मागाहून त्याला चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १६ हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांची पावले मोजली होती. सरासरी वय ७२, म्हणजे माझ्याच वर्गातल्या! रोज साधारण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसेना. (धडधाकट माणूस मुळातच जास्त चालतो, त्यामुळे सगळे श्रेय चालण्याला देता येणार नाही. तेवढे गणित आम्हालाही कळते.) पण एक गोष्ट त्यातून नक्की दिसते. दहा हजारांचे सोडा. जी दोन-अडीच हजारांवर अडकली आहे तिला चार-साडेचार हजारांपर्यंत कसे नेता येईल, हा खरा प्रश्न आहे. ती ओटीवरची बाई कशामुळे अडकली? आळसामुळे?

जिद्दीचे दाखले देणाऱ्यांचा आवडता माणूस म्हणजे फौजा सिंग. माझाही आवडता. पहिली मॅरेथॉन २००० साली लंडनला, वय ८९. २०११ मध्ये टोरांटोला पूर्ण मॅरेथॉन, तेव्हा ते शंभरीचे होते. (जन्माचा दाखला नसल्यामुळे गिनीजवाल्यांनी विक्रम मानला नाही. त्या काळात पंजाबातल्या खेड्यात दाखले कोण काढत होते?) जिद्दीत या माणसाला कोणी उणे म्हणणार नाही. १४ जुलै २०२५ रोजी जालंधर जिल्ह्यात आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना एका गाडीने त्यांना उडवले आणि त्यातच ते गेले. वय ११४. म्हातारपण ज्यांना थांबवू शकले नाही, त्यांना गावच्या रस्त्याने थांबवले. ही बातमी वाचल्यापासून मला कोणी जिद्दीचे व्याख्यान देऊ लागले की मी फौजा सिंगांचे नाव घेते.

आपल्याकडेही २०११ साली वसई-विरार महापौर मॅरेथॉन सुरू झाली. मी धावत नाही, पण टाळ्या वाजवायला मला फार आवडते. त्या सकाळी वाहने अडवतात, पोलीस उभे असतात, स्वयंसेवक पाणी देतात, आणि ज्या रस्त्यावर एरवी पाय ठेवायला भीती वाटते तिथून लहान मुले हसत धावतात. म्हणजे रस्ता मोकळा करता येतो! वर्षातून एका सकाळी पळणाऱ्यांसाठी जे जमते, त्याचा शंभरावा हिस्सा रोज चालणाऱ्यांसाठी का जमू नये? आम्हाला ४२ किलोमीटर नकोत. गटारावर फरशी आणि चालायला हातभर रुंदीची कड पुरे.

कॅनडातला पुतण्या फोनवर म्हणतो, 'आत्या, तू बाहेर पड गं. मी बघ रोज आठ हजार करतो.' तो राहतो मिसिसागाला. तिथे ओंटॅरिओ सरोवराच्या काठाने चालण्यासाठी वाट बांधलेली आहे, बाके आहेत, रस्ता ओलांडायला सिग्नल आहेत. पावले त्याची आहेत हे खरे, पण वाट तर तिथल्या नगरपालिकेने घातली! घड्याळ पावले मोजते, वाट मोजत नाही. म्हणून त्याला सगळे आपल्याच पायांचे कर्तृत्व वाटते.

मी चालते ती चर्चच्या आवारात. आमचे पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ चे, आवार ऐसपैस, वाहनांचा त्रास नाही. सकाळच्या मिस्सानंतर आम्ही चार-पाच जणी फेऱ्या मारतो आणि बोलत बोलत कधी अर्धा तास होतो ते कळतही नाही. तेवढ्यामुळे माझ्या पहिल्या कलमापुढे खूण आहे. ज्या बाईचे घर तिथून दोन किलोमीटरवर आहे तिने काय करायचे?

तोल सांभाळण्याचा व्यायामही मी करते, खुर्चीला धरून एका पायावर उभे राहण्याचा. पडू नये म्हणून ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. चांगलेच सांगितले. पण झाकण नसलेल्या गटाराला माझा तोल किती दिवस पुरणार?

आता पोहणे. हे कलम माझ्या फार जवळचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाहेरगावच्या वाचकांना 'बावखल' हा शब्द कदाचित माहीत नसेल. वसईच्या वाड्यांमध्ये खणलेली ही छोटी तळी. पावसाचे पाणी त्यांत साठायचे, जमिनीत मुरायचे, आजूबाजूच्या विहिरींना गोडे पाणी राहायचे. काठावर रहाट असे, त्याच्या पाण्यावर पानवेल, केळी, फुले, भाजी व्हायची. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून वाडीला घालायचे. आणि आम्हा मुलांची पोहण्याची शाळा तीच. सुक्या नारळांची जोडी पाठीला बांधायची आणि थोरल्या भावाने ढकलून द्यायचे, संपले प्रशिक्षण. परकर-पोलक्यावर आम्ही मुलीसुद्धा शिकलो. फी नाही, अर्ज नाही, टोपी नाही.

यादीत पोहणे लिहिले, तेव्हा शहरातल्या एका तरणतलावावर चौकशी केली. खिडकीतल्या मुलाने अदबीने सांगितले की साठीच्या वर प्रवेश नाही, खास परवानगी हवी असेल तर डॉक्टरांचे पत्र आणा आणि घरचे कोणीतरी काठावर बसवा. बायकांची वेळ? दुपारी साडेबारा ते सव्वा. मे महिन्यात! त्या मुलावर माझा राग नाही, नियम त्याने केलेले नाहीत. पण जी गोष्ट साठ वर्षांपूर्वी गावातल्या कुठल्याही पोराला फुकट मिळत होती, तिच्यासाठी आता परवानगी लागते, आणि ती मिळाली नाही की म्हणायचे 'मावशी, तुमची यादी अपुरी राहिली'.

बावखले कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. काही भराव घालून बुजवली, वर इमारती आल्या, गाड्या उभ्या राहिल्या. काही कचऱ्याने भरली. त्यातले पुष्कळसे आपल्याच लोकांनी, आपल्याच सातबाऱ्यावर केले, हेही लिहायला हवे, उगाच बाहेरच्यांच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. आमच्याच नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. टँकरने उपसले जाणारे पाणी, वाड्या, विहिरी यांबद्दल ते बोलले, तेव्हा पुष्कळांना ते विकासाच्या आड येणारे वाटले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होते, गाड्या बंद होत्या, तेव्हा पाणी कुठे जायचे ते विसरले होते का, असा प्रश्न पडला. त्याच्या जागा आपण बुजवल्या होत्या. फादर २५ जुलै २०२४ ला गेले. त्यांनी मांडलेला प्रश्न पर्यावरणाचा म्हणून आपण एका कप्प्यात ठेवतो आणि आजीच्या गुडघ्यांचा प्रश्न दुसऱ्या कप्प्यात. मला तरी हे दोन्ही एकच वाटतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. 'म्हणजे पूर्वीचे सगळे चांगले होते असेच ना, बाई?' मुळीच नाही. माझी आई पहाटे चारला उठायची, वाडी शिंपायची, डोक्यावर फुलांची टोपली घेऊन स्टेशन गाठायची, दादरला विकून दुपारी घरी. तिला यादीची गरज नव्हती हे खरे. पण साठीच्या आत तिची पाठ वाकली होती आणि शेवटची दहा वर्षे ती काठीशिवाय उठली नाही. त्या कष्टांना व्यायाम म्हणणाऱ्यांनी एकदा ती टोपली उचलून बघावी. मला आईचे कष्ट परत नकोत. मला तिचे पाणी आणि तिची वाट हवी आहे, कष्ट गेले तसे तेही जायला हवे होते असे कुठे लिहिले आहे?

बाकीची कलमे थोडक्यात. पेटी शिकले, कारण पलीकडच्या गल्लीत माझा एक जुना विद्यार्थी उत्तम वाजवतो आणि आठवड्यातून दोनदा येतो (आता तो मला छडीची आठवण करून देतो). पुस्तके वाचून होतात, त्याचे मला कौतुक नाही. तीन किलो वजन उतरवायचे होते, ते एक उतरले आणि बाकीचे दोन माझ्याजवळच राहणार असे दिसते. आईसारखी सुकेळी करायची होती, ती राहिली आहेत. त्यांना राजेळी केळी लागतात, आणि ज्या वाडीतून ती यायची तिथे आता गेट आहे व गेटवर वॉचमन आहे.

तर नातेवाईकांनो, पुढच्या वाढदिवसाला मला आणखी एक घड्याळ पाठवू नका. तुमच्या आईवडिलांच्या घरासमोरच्या गटारावर झाकण आहे का ते बघा, नसेल तर अर्ज लिहा, त्याची पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा विचारा. अर्ज लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी आठवीच्या मुलांना औपचारिक पत्रलेखन शिकवत असे. परदेशात असाल तर जमीन विकायच्या कागदावर सही करण्याआधी त्या तुकड्यात बावखल आहे का, एवढे एकदा भावाला विचारा.

माझे सातवे कलम अजून चालू आहे. गावातल्या आणि आसपासच्या बावखलांची नावे मी एका दोनशे पानी वहीत उतरवते आहे: नाव, कोणाच्या वाडीत, पाणी आहे की नाही, शेवटचा गाळ कधी काढला. नाव नसलेलीही बरीच आहेत, ती 'अमक्याच्या घरामागचे' अशीच लिहिली आहेत. उमराळे, आगाशी, गास, वाघोलीकडच्या कोणाला आपल्या बावखलाचे जुने नाव आठवत असेल तर कळवा. आजोबा जसे उच्चारत तसेच कळवा, शुद्धलेखन मी बघून घेईन.