गोंडस आजोबा आणि चाच्यांचा झेंडा

इंडोनेशियात फेब्रुवारी २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदार चाळिशीच्या आतले होते. सुहार्तो यांची राजवट १९९८ मध्ये कोसळली, तेव्हा त्यांतील अनेक जण जन्मलेलेही नव्हते. विरोधी कार्यकर्त्यांच्या अपहरणप्रकरणी त्याच वर्षी लष्करातून दूर केले गेलेले प्रबोवो सुबियांतो या पिढीपुढे आले ते टिकटॉकवर ठुमकणारे ‘गेमोय’, म्हणजे गोंडस, आजोबा म्हणून. मावळते अध्यक्ष जोको विडोडो यांचे पुत्र जोडीला होतेच. प्रबोवोंना सुमारे ५८ टक्के मते मिळाली.

तरुणांना करमणूक पुरविली की राजकारण भागते, हा हिशेब वर्षभरही टिकला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी खर्चकपातीविरुद्ध विद्यार्थी ‘इंडोनेशिया गेलाप’, म्हणजे अंधारलेला इंडोनेशिया, अशी घोषणा देत रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतील चाच्यांचा झेंडा घरांवर आणि ट्रकांवर फडकू लागला. काही नेत्यांना त्यात देशद्रोह दिसला. त्याच महिन्यात खासदारांच्या दरमहा पाच कोटी रुपिया घरभत्त्यावरून संताप उसळला, रक्त सांडले आणि अखेर सवलती मागे घेण्याची घोषणा करावी लागली.

तरुणांची भाषा मते मागण्यासाठी उसनी घेणे सत्ताधाऱ्यांना गैर वाटले नव्हते. त्याच भाषेत जाब विचारला जाताच तिला देशद्रोह ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांना उरत नाही.