जीर्णोद्धार आणि नवा उद्योग

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्या घरांत देवळाच्या वर्गणीपुरताच उच्चारला जातो. वस्तुतः त्याचा अर्थ व्यापक आहे. 'जीर्ण' म्हणजे झिजलेलें आणि 'उद्धार' म्हणजे वर उचलणें. या समासांत पाडणें, मोडणें, फेंकून देणें यांस कोठेंच जागा नाहीं. नवें देऊळ बांधण्यापेक्षां जुनें सांवरण्यांत पुण्य अधिक, ही जी समजूत आपल्या वाडवडिलांनीं बाळगिली, तिच्या बुडाशीं श्रद्धेबरोबर व्यवहारहि होता. हाच विचार या महिन्यांत आम्ही एका अगदीं आधुनिक प्रश्नास लावून पाहणार आहों.

केंद्र सरकारची 'स्टार्टअप इंडिया' योजना २०१६ सालीं सुरू झाली, आणि दोनचार तरुणांनीं बेताच्या भांडवलावर उभारलेल्या नवोद्योगांस हें नांव घरोघरीं मिळालें. लोणावळें, खंडाळें, तळेगांव या मावळच्या बाजूस पुण्यामुंबईकडील कुटुंबांचे जुने बंगले आहेत. त्यांतील कित्येक वर्षांतून फार तर महिनाभर उघडतात. अशा घरांतील एखादी नात किंवा पुतण्या म्हणतो, "तात्या, बंगला पडूनच आहे, तेथें आमची कचेरी थाटूं द्या." ही मागणी रास्त आहे. परंतु पाठोपाठ दुसरें वाक्य येतें: "आंतलें सगळें काढून टाकूं, म्हणजे ऑफिसासारखें दिसेल." आमचें म्हणणें आहे तें या दुसऱ्या वाक्यापुरतें.

आंतलें काढून टाकावयाचें म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. सागवानी दारें, शहाबादी फरशी, चुन्याचा गिलावा हीं जातात. त्यांच्या जागीं सिमेंट, प्लायवूड, जिप्समचें खोटें छत आणि न उघडणाऱ्या काचा येतात. सिमेंट तयार होतांना चुनखडी भाजावी लागते. त्या भट्टीचें इंधन व खुद्द चुनखडींतून सुटणारा वायु मिळून, साऱ्या जगांत माणसांमुळें हवेंत जाणाऱ्या कर्बवायूपैकीं शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा असतो. जें घर उभें आहे, त्यासाठीं जाळावयाचें तें इंधन पूर्वींच जळून गेलें आहे. तें मोडून नवें करणें म्हणजे एका वस्तूसाठीं निसर्गाचें देणें दोनदां करणें होय.

यांत लोणावळ्याचा पाऊस ध्यानांत घ्यावा. तेथें वर्षाकाठीं सुमारें ४००० मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य पडतो. चुन्याची भिंत ओल शोषून घेते व ऊन पडतांच ती बाहेर सोडते. तिजवर सिमेंटचा थर चढविला कीं ही वाट बुजते. ओल आंतच राहते आणि दोनतीन पावसाळ्यांत पोपडे निघूं लागतात. जिप्समच्या छतास बुरशी धरते, प्लायवूड फुगतें. शिवाय हलक्या प्रतीच्या प्लायवूडच्या डिंकांतून फॉर्माल्डिहाइड नांवाचा अपायकारक वायु निघत राहतो. बंद खोलींत आठ-दहा तास बसणाऱ्या मुलांनीं तो कां हुंगावा?

तर मग खर्च कोठें करावा? आमचा क्रम असा. प्रथम छपराची गळती व पन्हळी. मग चुन्याच्या भिंतीस चुन्याचीच डागडुजी. मग वारा: छपराखालचे झरोके उघडले, तर भर आषाढांतहि खिडक्या मिटून हवा खेळती राहते. त्यानंतर वीज. जुना छताचा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. नव्या बीएलडीसी जातीचा पंखा तेंच काम ३०-३५ वॅटांत करतो. जुन्या तारा मात्र निःशंकपणें बदलाव्या. तेथें काटकसर करणें म्हणजे आगीस आमंत्रण. टेबलें जुन्या दारांचीं होऊं शकतात. रंग सर्वांत शेवटीं.

भांडवल थोडें असतांना तें कोणत्या कामीं घालावें, याचा धडा मावळच्या मातींतच आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनीं तीस पाठबळ दिलें, आणि त्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. आपल्या लोकांस कांचकाम शिकवावें हा त्याचा हेतु. तेथें शिकलेले कारागीर पुढें ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेले. लोकांचा पैसा शोभेंत न जातां विद्येंत गेला, म्हणून तो फळला.

कांच ही वस्तुहि आमच्या मुद्द्याची साक्षीदार आहे. भट्टींत फुटकी कांच मिसळली असतां ती कच्च्या मालापेक्षां कमी उष्णतेवर वितळते आणि इंधन वांचतें. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथील १९३१ सालच्या एम्पायर स्टेट इमारतीची सुधारणा २००९ सालीं हातीं घेतली, तेव्हां तिच्या ६,५१४ खिडक्यांच्या कांचा फेंकून दिल्या नाहींत. इमारतींतच कार्यशाळा मांडून, जुन्याच कांचांच्या जोड्यांत पातळ पापुद्रा व वायु भरून त्या पुन्हां बसविल्या. कुबेराच्या नगरींत ज्याची लाज वाटली नाहीं, त्याची आपणांस कां वाटावी?

अर्थात् जुनें तें सर्व राखावें असा आमचा आग्रह नाहीं. तुळईस वाळवी लागली असेल किंवा भिंत पोटांतून सुटली असेल, तर जाणत्या इंजिनियरचा सल्ला प्रमाण मानावा. ममतेपायीं मुलांच्या डोक्यावर धोका ठेवूं नये.

शेवटीं एक गोष्ट वडील मंडळींसाठीं. बंगला अनेक भावांचा असेल, तर तोंडी होकारावर मुलांस आंत घालूं नका. सर्व हिस्सेदारांच्या सह्यांचा रीतसर करार करा. भाडें थोडें ठेवा, पण मुदत व डागडुजी कोणाकडे हें स्पष्ट लिहा. मुलांचा उद्योग चालेल किंवा बुडेल, तें कोणास सांगतां येणार? पण चालला तर त्यांचें भांडवल कामांत लागलेलें असेल, आणि बुडाला तर निदान छप्पर न गळणारें घर सर्वांस परत मिळेल. आंतलें सारें उपटून काढलें असतां मात्र उद्योगहि जातो आणि घरहि जातें.