भायखळ्याचा बंबखाना जागता राहू द्या

मुंबईत जुनी वास्तू जायची असते तेव्हा कोणी दवंडी पिटत नाही. एखादी फाइल फिरते, 'धोकादायक' असा शेरा पडतो, हिरवं कापड चढतं आणि पुढच्या पावसाळ्याआधी तिथे पत्र्याचं कुंपण उभं राहतं. गिरण्या अशाच गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी तेवढी मॉलच्या आवारात शोभेला उरली. म्हणूनच बापूराव जगताप मार्गावरच्या अग्निशमन दल मुख्यालयाबद्दल, आपल्या भायखळ्याच्या बंबखान्याबद्दल, आजच बोलायला हवं. फाइल फिरायला लागल्यावर बोलून उपयोग नसतो.

17 फेब्रुवारी 1803 रोजी कोटातल्या वस्तीचा मोठा भाग आगीत खाक झाला. तरीही या शहराला स्वतःचं अग्निशमन दल मिळायला कित्येक दशकं जावी लागली. आधी हे काम पोलिसांच्या गळ्यात होतं. 1888च्या महानगरपालिका कायद्याने ते पालिकेचं कर्तव्य ठरवलं. सुरुवातीचे बंब घोडे ओढायचे. दक्षिणेला कोट आणि बाजारपेठा, पूर्वेला गोदी, उत्तरेला कापसाने ठासून भरलेलं गिरणगाव. यांच्या मधोमध भायखळा. नकाशा समोर ठेवला की ही जागा इतकी महत्त्वाची का, ते वेगळं सांगावं लागत नाही.

14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज लागलेलं. कापसाच्या गाठी, लाकूड, तेलाची पिंपं, सोन्याच्या विटा आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं, सगळं एकाच जहाजात. (असा माल एकत्र भरायला परवानगी देणाऱ्यांना युद्धाची सबब होतीच.) दुपारी धूर दिसला. बंब आले, जवान डेकवर चढले आणि पायाखाली काय भरलंय ते कळल्यावरही पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकाने नोंदवला. दलाचे 66 जण गेले. युद्धकाळामुळे बातमी दाबलेली. वर्तमानपत्रांना सविस्तर छापण्याची मुभा मिळेपर्यंत मे महिना उजाडला. त्या सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या आणि दर वेळी त्यांची बातमी झाली. त्या 66 जणांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

त्यांना मानवंदना दिली जाते ती भायखळ्यात. देशभरचा अग्निशमन सेवा सप्ताह 14 एप्रिलला सुरू होतो, तो मुंबईच्या या दिवसामुळे. ही परंपरा जुन्या काळातच संपलेली नाही. 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ इमारतीच्या आगीत सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अधिकारी आपण गमावले. नेसरीकर तर दलाचे प्रमुख होते.

आता नेहमीचा आक्षेप. जुन्या आवारात नव्या गाड्या वळत नाहीत, 90 मीटर उंची गाठणारी शिडी ठेवायला जागा लागते, जवानांच्या कुटुंबांना धड घरं लागतात. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणाऱ्या वारसाप्रेमींशी माझं जमत नाही. गळक्या क्वार्टर्समध्ये राहून वारसा सांभाळा, असं जवानाला सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. घरं नवी बांधा, गाड्यांसाठी मोठे बे बांधा. पण त्यासाठी सगळंच पाडावं लागत नाही. सिंगापूरच्या हिल स्ट्रीटवरचं 1909 सालचं लाल-पांढरं फायर स्टेशन राष्ट्रीय स्मारक आहे, आत संग्रहालय आहे आणि गाड्याही तिथून सुटतात. उलट लंडनमधलं चिल्टर्न स्ट्रीटवरचं 1889चं स्टेशन 2005 साली बंद झालं, पुढे त्याचं उंची हॉटेल झालं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच हॉटेलला आग लागली. बंब अर्थातच बाहेरून बोलवावे लागले!

भायखळ्याचा कॅफे नको, नुसतं संग्रहालयही नको. तिथे वर्दी आली की गाडी निघालीच पाहिजे.

आणि दगडविटांपेक्षा आधी वाळवी लागते ती कागदाला. वर्दीच्या जुन्या नोंदवह्या म्हणजे या शहराचं खरं रोजचं चरित्र: कुठली चाळ, कुठलं गोदाम, कितीला निघालो, कितीला परतलो. जिथे जिथे अशा वह्या शिल्लक असतील तिथून त्या गोळा करून पालिकेने स्कॅन कराव्यात. तज्ज्ञांनी मुख्यालयाच्या आवारातल्या एकेका जुन्या बांधकामाची पाहणी करावी आणि काय राखायचं ते मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे लेखी मांडावं.

आपल्यालाही काम आहे. आजोबा, वडील दलात होते अशी घरं लालबाग-परळपासून कोकणातल्या गावांपर्यंत असतील. त्यांच्या माळ्यावर पितळी हेल्मेट असेल, पट्टा असेल, संचलनाचा एखादा फोटो असेल. भंगारवाल्याला देऊ नका. निवृत्त जवान घरात असतील तर त्यांना बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख आणि ठिकाण न विसरता विचारा. आपल्या नगरसेवकाला पत्र लिहा, पोच घ्या. भायखळ्याबद्दल उद्या हरकती-सूचना मागवल्या गेल्या तर मुदतीच्या आत, सह्यांसह, वॉर्ड ऑफिसात हजर राहा. आणि येत्या 14 एप्रिलला मुलांना घेऊन भायखळ्याला जा.