पणजोबांची पलटण

‘पणजोबा पलटणीत होते’ हे वाक्य वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत अनेक घरांत ऐकू येतं. पलटण कोणती, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात.

शोध लंडनहून नव्हे, तहसील कचेरीतून सुरू करावा, असं आमचं मत. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचं कोतवाल बुक आज बहुतेकांना जात पडताळणीपुरतंच आठवतं; पण पणजोबांच्या वडिलांचं नाव मिळालं तर तिथेच. वर्धा जिल्हा 1862 साली झाला. त्याआधीचे कागद नागपूरच्या नावाखाली शोधावे लागतात.

मग पलटण. घरात एखादं पदक असेल तर त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर, नाव आणि पलटण तिथेच कोरलेली असते. (पॉलिशच्या नादात कड घासू नका!) पणजोबा महार पलटणीत असतील, तर साल पाहा: 111वी महार पलटण 1917 साली उभी राहिली, 1921 साली मोडली. महार रेजिमेंट 1941 साली बेळगावात नव्याने उभी राहिली. तिचं अभिलेख कार्यालय सागरला आहे.

युद्धात मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत असतात, कधी वडिलांच्या आणि गावाच्या नावासह. मात्र मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक बांधलं, त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांची फक्त संख्या. साहेबाच्या दप्तरावर आमचा राग आहे तो यासाठी. तुमच्या घरातल्या शिपायाचा कागद सापडला असेल, तर त्याची प्रत आमच्याकडे जरूर पाठवा.